पऱ्हाटीचा धूर आणि जमिनीची भूक

मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालेली एस.टी. राजूरचा घाट चढू लागली, की मागे वळून पाहणाऱ्या प्रवाशाला घाटाखालचा सपाट मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. माघ-फाल्गुनाच्या दिवसांत, दिवस कलता कलता, या मुलखावर ठिकठिकाणी धुराच्या रेघा उभ्या राहिलेल्या असतात. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते. शेत वखरणीसाठी मोकळे करावयाचे असते. मग उपटलेली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, वेचून काढलेली धसकटे आणि धुऱ्यावरची छाटलेली झुडुपे यांचे ढीग रचले जातात व त्यांना काडी लावली जाते. रात्रीतून ढिगाची राख होते आणि सकाळी शेत ‘साफ’ झालेले असते. या दृश्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. शेतीच्या वर्षातील ते एक नेहमीचे काम होऊन बसले आहे. परंतु त्या एका रात्रीत शेताच्या मालकीचे काय गेले आणि काय राहिले, याचा हिशेब मांडून पाहिला, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा असल्याचे ध्यानात येते.

हिशेब तसा सोपा आहे. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला आणि बुलढाणा जिल्ह्याचा कापूस दूरदेशीच्या बाजारांशी जोडला गेला. तेव्हापासून दीडशे वर्षांहून अधिक काळ या जमिनीतून कापूस बाहेर जात आहे. परंतु कापसाचा धागा हा बहुतांशी सेल्युलोजचा बनलेला असतो, आणि सेल्युलोजसाठी लागणारा कर्ब झाड हवेतून घेते. केवळ धागा बाहेर गेल्याने जमिनीचे फारसे काही जात नाही. जमिनीतून उचललेले नत्र, स्फुरद व पालाश हे प्रामुख्याने सरकी, पाने, बोंडांची टरफले आणि काड्या यांत साठलेले असते. सरकी धाग्याबरोबर जिनिंगमध्ये जाते व परत आलीच, तर ढेपेच्या रूपाने गोठ्यात येते. उरते ती पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन वाळलेले लाकूड त्या शेतात दरवर्षी उभे राहते. ते पेटविले, की त्यातील जवळजवळ सर्व कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. मागे राहिलेल्या राखेत पालाश व चुना असतो खरा, पण तीही पहिल्या वावटळीत उडते, नाही तर पहिल्या पावसात वाहून जाते. अशा रीतीने जी वस्तू बाजाराने नेली नव्हती, ती शेतकऱ्याच्याच हातून शेताबाहेर जाते.

जाळण्यामागची कारणे

हे सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरविण्याचा मोह आवरावयास हवा. शहरातील सुशिक्षितांच्या चर्चेत तो मोह नेहमी डोकावतो. पऱ्हाटी जाळणाऱ्या माणसाला जमिनीची भूक कळत नाही, असे नाही. ती त्याला इतरांहून अधिक कळते. परंतु पऱ्हाटीची काडी कठीण असते. ती तशीच जमिनीत गाडली, तर वर्षभरात कुजत नाही, पेरणीच्या वेळी वखराच्या पासेला अडकते आणि उधईला आमंत्रण देते. पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन कोरडी आणि कोरड्या जमिनीत कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबलेली. शिवाय काड्या उपटावयाच्या, त्यांचे तुकडे करावयाचे, खड्ड्यापर्यंत वाहून न्यावयाच्या, तर त्याला मजूर लागतात, आणि मजुरी आगपेटीच्या एका काडीहून महाग पडते.

त्यात बोंडअळीची भर पडली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस उत्पादकांना जो तडाखा दिला, तो अजून विस्मरणात गेलेला नाही. ही अळी झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत व कवड्यांत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढल्या हंगामात पुन्हा बाहेर पडते. म्हणूनच फरदड घेऊ नये, पऱ्हाटी वेळेवर काढावी व तिचा नायनाट करावा, असा सल्ला कृषी विद्यापीठे व कृषी खाते सातत्याने देत आले. नायनाट म्हटला, की सर्वांत जवळचा उपाय जाळण्याचाच. सरपणासाठी धुऱ्यावर वा घरामागे महिनोन्महिने रचून ठेवलेली पऱ्हाटी ही तर बोंडअळीची धर्मशाळाच होय, आणि तेवढ्यापुरते जाळणाऱ्याचे चुकत नाही. मात्र हाच हेतू दुसऱ्या मार्गानेही साधतो. पऱ्हाटीचे यंत्राने बारीक तुकडे केले, तर बोंडांतील अळ्या चिरडल्या जातात, आणि तो चुरा शेणकाल्यासह ओला करून रचला, तर नीट रचलेल्या ढिगात साठ अंशांच्या आसपास उष्णता निर्माण होते, ती उरलेल्या अळ्यांना पुरेशी असते. रोगही जातो आणि खतही राहते.

इंदूर ते पुसद

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्याच मुलखात त्याचा शास्त्रशुद्ध विचार झाला होता. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून पुढे जगभर गेली. हॉवर्ड व वाड यांच्या नावाने १९३१ साली प्रसिद्ध झालेला ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ या कामाचा वृत्तांत होय. त्यांच्यापुढची अडचणही पऱ्हाटी आणि तुराटी यांचीच होती. त्यांनी काढलेली तोड मोठी व्यवहारी होती. या कठीण काड्या शेतावरच्या गाडीवाटेवर अंथरावयाच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि गुरांच्या खुरांखाली त्यांचा चुरा व्हावयाचा. मग तो गोठ्यात गुरांखाली पसरावयाचा, म्हणजे तो मूत्र शोषून घेतो. त्यानंतर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व थोडी राख यांच्यासह खड्ड्यात थर द्यावयाचे, ओल राखावयाची व तीन वेळा पालटी द्यावयाची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. यंत्र नाही, परदेशी द्रव्य नाही. जी वाट रोज तुडवली जात होती, तिलाच कामास लावले.

दुसरे नाव विदर्भातलेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हा शब्द रूढ झाला आणि तो आज देशभर ओळखला जातो. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी, तीत सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि सुमारे १७५० किलो चाळलेली कोरडी माती यांचे थर, वर शेणमातीचा लेप, आणि तीन ते चार महिन्यांची उसंत, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. भिंतीतील भोकांवाटे हवा खेळती राहत असल्याने पालटी देण्याचे श्रम वाचतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेण फार थोडे लागते. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या आणि गोठे रिकामे होत गेले, अशा काळात मोठ्या उकिरड्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. मूठभर शेणाच्या आधारे टनभर काडीकचरा कुजविता येतो, हे पांढरीपांडे यांनी दाखवून दिले, ते या दृष्टीने मोलाचे आहे.

लाकूड वर, पाला आत

छाटलेल्या झुडुपाचा उपयोग करावयाचा, तर एक भेद मात्र नीट समजून घ्यावा लागतो. तो न समजल्यामुळे अनेकांचे प्रयोग फसतात आणि मग सेंद्रिय खतावरचा विश्वासच उडतो. लाकूड आणि हिरवा पाला या दोन भिन्न वस्तू आहेत. लाकडात कर्ब भरपूर, नत्र अत्यल्प. असे लाकूड बारीक करून लगेच मातीत मिसळले, तर ते कुजविणारे जीवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलेच नत्र उचलतात, आणि त्या हंगामातले पीक पिवळे पडते. खत घातले म्हणून पीक बिघडले, असा अनुभव मग पदरी येतो. उलट, कोवळ्या पाल्यात नत्राचे प्रमाण चांगले असते. तो मातीत मिसळला, की थोड्या ओलीतही काही आठवड्यांत कुजून पिकाला लागू पडतो. म्हणून नियम असा, की लाकडाचे तुकडे एक तर हिरवा पाला व शेण यांच्याबरोबर कुजवून मगच शेतात न्यावेत, नाही तर मातीच्या वर आच्छादन म्हणून पसरावेत. पाला मात्र मातीच्या पोटात गेला तरी चालतो.

आच्छादनाचे काम खताहून वेगळे आहे, आणि बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात ते कदाचित अधिक महत्त्वाचे ठरावे. घाटावरच्या चिखली-मेहकरकडील उथळ, मुरमाड जमिनीवर वळवाच्या सरी कोसळतात, तेव्हा उघड्या मातीचे कण फुटून वरचा थर वाहून जातो. घाटाखालच्या भारी काळ्या जमिनी उन्हाळ्यात भेगाळतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. काडीकचऱ्याचा चार बोटे जाडीचा थर असला, की थेंबाचा मार तो स्वतःवर घेतो, पाणी मुरू देतो, माती तापू देत नाही आणि तणालाही आवर घालतो. पावसात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, म्हणजे या थराची किंमत कळते. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी आपल्या नैसर्गिक शेतीत आच्छादनाला प्रमुख स्थान दिले. त्यांच्या इतर मतांविषयी शास्त्रज्ञांत वाद आहेत. परंतु जमीन उघडी ठेवू नये, या एका गोष्टीविषयी वाद होण्याचे कारण नाही.

पाला आणावयाचा कोठून, याचे उत्तर धुऱ्यावर आहे. गिरिपुष्प हे झुडूप मूळचे मध्य अमेरिकेतले. त्याच्या बिया व साल उंदरांना विषारी असल्याने काही भागांत त्याला उंदीरमारी म्हणतात. फांद्या लावूनही ते जगते, छाटले की पुन्हा फुटते आणि मोकाट गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. त्याच्या वाळलेल्या पाल्यात सुमारे अडीच टक्के नत्र असते. म्हणजे चार-पाच क्विंटल हिरवा पाला वाळून जो एक क्विंटल भरतो, त्यात साधारणपणे पाच किलो युरियाइतके नत्र मिळते, आणि त्यासोबत जमिनीला सेंद्रिय कर्बही मिळतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कापूस व मूग यांच्या आंतरपिकावर वर्षानुवर्षे चाललेल्या कोरडवाहू प्रयोगांत, अर्धे नत्र गिरिपुष्पाच्या पाल्यातून व अर्धे रासायनिक खतातून देण्याची पद्धत जमिनीची प्रत राखण्याच्या दृष्टीने सरस ठरली. येथे ‘अर्धे’ या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. रासायनिक खत टाकून देण्याचा हा उपदेश नाही. घातलेले खत जमिनीने धरून ठेवावे, एवढी तिची कुवत टिकविण्याचा हा उपाय आहे.

धुऱ्यावर व ओसाडीत माजलेली इतर झुडुपेही कामास येतात. तरवड, रुई, टणटणी यांचा पाला खतात घालता येतो. विलायती बाभळीने नाल्यांच्या काठी आणि पडीक रानांत ठाण मांडले आहे. २०२० साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या लोणार सरोवराच्या काठालाही तिने सोडले नाही. तिची छाटणी शेंगा धरण्यापूर्वीच करावी, नाही तर खताबरोबर बी शेतभर जाते. बेशरमाच्या फांद्या ओल्या असताना टाकल्या, तर तेथेच मूळ धरतात. त्या आधी कडक वाळवाव्या लागतात.

खारपाण पट्टा आणि पऱ्हाटीचा भाव

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे या पट्ट्यात येतात. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक शिवारांत जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. माती चोपण, तीत पाणी मुरत नाही आणि मुरलेले निचरत नाही. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावांचा मुद्दाम समावेश करण्यात आला. केवळ काडीकचऱ्याने अशी जमीन सुधारते, असे म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. तेथे जिप्सम हवे, शेततळी हवीत, पावसाचे पाणी जागच्या जागी अडवावयास हवे. परंतु या सर्वांना सेंद्रिय द्रव्याची जोड लागते, कारण मातीचे कण एकत्र बांधून त्यांत हवा-पाण्याला वाट करून देण्याचे काम तेच करते. म्हणून तेथे ढैंचा वा बोरू गाडण्याचा सल्ला दिला जातो. अशा शिवारात पऱ्हाटी जाळणे म्हणजे रोग्याच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखे आहे.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. पऱ्हाटीपासून ‘पांढरा कोळसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंधनाच्या कांड्या केल्या जातात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशाबरोबर काही प्रमाणात शेतीतील काडीकचऱ्याचे इंधन वापरावे, असे धोरण केंद्राने २०२१ साली अधिक स्पष्ट केले. उघड्यावर जाळण्यापेक्षा हे बरे, यात संशय नाही, आणि हातात चार पैसे येत असतील तर शेतकऱ्याने ते नाकारावेत असे कोणी म्हणू नये. तथापि, व्यापारी जो भाव देतो, तो इंधनाचा असतो. त्या काडीबरोबर जाणाऱ्या कर्बाची व नत्राची किंमत त्यात धरलेली नसते. जेथे जमीन आधीच हलकी पडली आहे, तेथे सर्व पऱ्हाटी विकून टाकणे म्हणजे भांडवल विकून खाणे होय. निदान निम्मी शेतात राहील, एवढा विवेक गावाने सामुदायिकपणे बाळगावा. चुलीचेही असेच आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची शेगडी आली, पण सिलिंडर पुन्हा भरून आणणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी पऱ्हाटी आजही अन्न शिजविते. त्या माऊलीला जमिनीच्या कर्बाविषयी व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

व्यवस्थेचा प्रश्न

तात्पर्य, अडचण ज्ञानाची नसून व्यवस्थेची आहे. इंदूरला हे काम बैलगाड्यांच्या चाकांनी केले. आज ते ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टीची यंत्रे काही तासांत करतात. परंतु दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी असे यंत्र विकत घेऊ शकत नाही. त्याला ते योग्य वेळी, म्हणजे पऱ्हाटी निघाल्यापासून वखरणीपर्यंतच्या मोजक्या आठवड्यांत, परवडेल अशा भाड्याने मिळाले पाहिजे. शेतकरी गटांनी, सेवा सहकारी सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी हे मनावर घेतले, तर एक यंत्र अनेक शेतांचा धूर थांबवू शकेल. शासनाने यांत्रिकीकरणाच्या योजनांत अनुदान ठेवले आहे. पण यंत्र आले की नाही यापेक्षा ते फेब्रुवारीत गावात होते की नाही, हे पाहणारा कोणी असावयास हवा.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा या प्रश्नाशी संबंध काय, असेही कोणी विचारील. या जिल्ह्यातील नोकरदार कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ गावात आहे आणि सात-बाऱ्यावर त्यांचे वा त्यांच्या वडिलांचे नाव आहे. शेत बटईने दिलेले असते, आणि पऱ्हाटीचे काय झाले हे ते विचारीत नाहीत. त्यांनी एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. शिवाय चिखली, खामगाव, मलकापूर यांसारख्या गावांच्या वसाहतींत आणि शाळा-कचेऱ्यांच्या आवारांत मेंदी, कोयनेल व ड्युरांटाची कुंपणे वर्षातून दोन-तीनदा छाटली जातात, आणि ती छाट कोपऱ्यात जाळली जाते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे जाळणे निषिद्ध ठरविले आणि बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकली. शाळेच्या मागील बाजूस विटांची एक जाळीदार टाकी, बोटभर लांबीचे तुकडे, मधूनमधून शेणकाला आणि पाण्याचा शिपका, एवढ्यावर विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत घडू शकतो. तयार खत आवारातल्या निंबाला वा आंब्याला घालावे, खोडापासून वीतभर जागा सोडून आच्छादन पसरावे, आणि पुढच्या जुलैत तो थर बाजूला सारून खाली गांडुळे आली आहेत का, ते मुलांनाच पाहू द्यावे.

ती मुले संध्याकाळी शेतकऱ्याच्याच घरी परततात. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे कृषी खात्याच्या पत्रकातून पटले नाही, ते मुलाने ओंजळीत आणलेल्या काळ्या, भुसभुशीत मातीने पटण्याचा संभव अधिक आहे. जमीन एका वर्षात खालावली नाही आणि एका वर्षात सुधारणारही नाही. परंतु येत्या फाल्गुनात ढिगाला काडी लावण्यापूर्वी एखाद्या घरात यावर चार शब्द बोलले गेले, आणि धुऱ्याच्या कडेला गिरिपुष्पाच्या दहा फांद्या रोवल्या गेल्या, तर तेवढी सुरुवात पुरेशी आहे.